बिनलेसचे बूट

ज्या संध्याकाळी मापकाका स्वतःसाठी बिनलेसचे बूट घेऊन घरी आले, त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोला पहिल्यांदा शंका आली.

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने तसले बूट आणले असते तर तिने खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मापकाकांचं सारं आयुष्य बुटांच्या दुकानात गेलेलं. गिऱ्हाईक दारातून शिरून बाकावर टेकेपर्यंत त्याच्या पायाचा नंबर त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला असायचा, म्हणून तर हे नाव. आणि बिनलेसच्या बुटांना ते ‘आळशांची सोय’ म्हणत. “पाय म्हणजे काय उशी आहे, खोळीत कोंबायला? बुटाने पाय धरला पाहिजे, आणि धरायचं तर लेस लागते,” हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

“हे कुणासाठी?” तिने विचारलं.

“माझ्यासाठी. दुकानात पडून होते. कुणी घेईना.”

“आणि तुमचे लेसवाले?”

“आहेत की. त्यांना जरा विश्रांती.”

बुटांना विश्रांती! तेव्हापासून ती बघायला लागली. आणि बघायला लागल्यावर, इतके दिवस आपण डोळे काय कपाटात ठेवले होते, असं तिला वाटलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर मापकाका हल्ली हटकून थांबत आणि खिशातून फोन काढत. “वाजला वाटतं,” म्हणत. फोन वाजलेला नसे. मग तिथल्या घराबाहेरच्या कुंडीतल्या झाडाची चौकशी करत, ज्या झाडाकडे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. रात्री एक उशी पुरायची तिथे दोन झाल्या, मग सोफ्यावरची एक आली. आडवं झालं की कोरडा खोकला सुरू. “पंख्याची हवा,” म्हणाले. पंखा बंद केला तरी खोकला चालूच, तर म्हणाले, “आता उकाड्याने.”

एके दुपारी ते डबा विसरले म्हणून ती दुकानात गेली, आणि तिचं लक्ष फळ्यांकडे गेलं. पूर्वी खपाचे नंबर वरच्या फळ्यांवर असत आणि मापकाका शिडीवरून खारीसारखे वरखाली करत. आता खपाची सगळी खोकी कमरेच्या उंचीवर आली होती. शिडी कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर कुणाची तरी छत्री लटकत होती. मापकाका एका बाईला बूट घालून दाखवत होते. गुडघ्यावर बसले, वाकले, आणि वाकल्यावर थांबले. बुटाची शिवण निरखून बघतायत असं कुणालाही वाटलं असतं. ती मात्र त्यांच्या मानेकडे बघत होती. मानेची शीर ताठ झाली होती आणि ते तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते.

“अहो, तुम्हाला दम लागतो,” घरी आल्यावर ती म्हणाली.

“दम? मला? अगं, दुकान नीट लावलंय, एवढंच. मालकही म्हणाले, काका, आता कामाला शिस्त आली.”

“मालक अजून काय म्हणाले?”

यावर त्यांचा चेहरा उतरला. मालक म्हणाले होते, काका, आता गल्ल्यावर बसत चला. “गल्ल्यावर बसलं की नुसते चेहरे बघायचे,” मापकाका म्हणाले. “चेहऱ्यातलं मला काय कळतं? माझा जन्म पायाशी गेला.”

खोकल्याचं निमित्त करून तिने त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मग डाव्या काखेखाली सरकवली, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. पातेल्यावर झाकण नीट बसलं नाही की वाफ सुटते, तसा आवाज येतोय, ते म्हणाले. हृदयात झडपा असतात, रक्त पुढे गेलं की बंद होणाऱ्या. तुमची एक झडप पुरती लागत नाही, थोडं रक्त मागे फिरतंय. थोडं म्हणजे किती, ते कानाला कळत नाही, बघावं लागतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून या.

“चढताना दम लागतो का?”

“छे,” मापकाका म्हणाले.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ‘किती’ या शब्दाला ती घाबरली होती. डॉक्टरांनी सहज सांगून टाकलं होतं, गळती किरकोळ असेल तर वर्षाने पुन्हा बघू, फार असेल तर झडप दुरुस्त करावी लागते. दुरुस्त म्हणजे छाती उघडून. त्यांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि लघवीची एक, ती मात्र पायाला सूज आली किंवा झोपेत दम लागला तरच, अर्धी. इकोची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली.

त्या आठवड्यात अक्का आल्या.

अक्का मापकाकांची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हाताखालून कुणी नापास होऊन गेलं नाही असं त्या स्वतःच सांगत आणि ऐकणाऱ्याला ते खोटं म्हणायचं धाडस होत नसे.

“परीक्षा कधी आहे?” त्यांनी पिशवी ठेवता ठेवता विचारलं.

“परीक्षा नाही अक्का, तपासणी.”

“एकच. तयारी काय केलीस?”

“तयारी कसली?”

“कसली म्हणजे? तयारीशिवाय कुणी पेपर लिहायला बसतं का? थकलेला, सुजलेला माणूस नेऊन उभा केलास तर निकाल काय लागणार? धाकट्या, उद्यापासून दुकान बंद. जिना बंद. जेवण अळणी. आणि ती लघवीची गोळी रोज सकाळी. अर्धी कसली देतेस, अख्खी दे. पाणी साठलं की हृदयावर ताण येतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.”

“डॉक्टर म्हणाले, गरज लागली तरच.”

“परीक्षेपेक्षा मोठी गरज कोणती?”

तिने वाद घातला नाही. नंतर आठवून आठवून तिला छळलं ते हेच. अक्का रेटून बोलत होत्या हे खरं, पण तिलाही तेच हवं होतं. कुणीतरी ‘किरकोळ’ म्हणावं आणि तिने तो शब्द पदरात बांधून घरी आणावा. ती रोज सकाळी अख्खी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या उशाशी उभी राहायची. मापकाका पलंगावर सुलतानासारखे लोळत पेपर वाचत आणि अक्का दारातून ओरडत, “उठलास का? कशाला उठलास?”

आणि गुण आला! खोकला गेला. सोफ्यावरची उशी सोफ्यावर परतली. तोंडावरची सूज उतरली, गालफडं बसली. “बघ, दहा वर्षांनी लहान दिसतोय,” अक्का म्हणाल्या. ती हसली. पण भांडी घासताना तिचे हात मध्येच थांबत. पलंगावरून उठवलंच नाही तर कुणाला दम लागेल? ती नळ जोरात सोडायची आणि विचार वाहून जायची वाट बघायची.

इकोची खोली गार आणि अंधारी होती. अक्कांना बाहेर बसवलं, तिला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असाव्यात, केस चिमट्यात वर बांधलेले, पायात लेसचे काळे बूट. मापकाकांनी शर्ट काढायच्या आधी त्यांच्या बुटांकडे नजर टाकली. तिला ते दिसलं आणि एवढ्या धास्तीतही हसू आलं.

“डाव्या कुशीवर. हात डोक्याखाली. गार लागेल हं.” त्यांनी छातीला वायरी चिकटवल्या आणि जेल लावून त्यात हातातलं यंत्र रुतवलं.

पडद्यावर हातपंख्याच्या आकाराचं करडं चित्र हलायला लागलं. तिला वाटलं होतं हृदय दिसेल, चित्रातल्यासारखं. हे तर धुक्यात काहीतरी उघडझाप करत होतं. “या दोन पाकळ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही तुमची झडप. मिटताना दोन्ही कडा एकमेकींवर टेकायला हव्यात. ही मागची बघा, टेकायच्या जागेपलीकडे झोल खातेय.” त्यांनी बटण दाबलं आणि धुक्यात रंग उमटले. लाल म्हणजे रक्त यंत्राकडे येतंय, निळं म्हणजे दूर जातंय, त्यांनी सांगितलं. मिटलेल्या झडपेच्या फटीतून दर ठोक्याला एक पट्टा मागे उसळत होता, निळा, पिवळा, हिरवा, सगळे रंग कालवल्यासारखा. बारीक होता. ती त्या बारकेपणाकडे आधाशासारखी बघत राहिली.

“मध्यम गळती दिसतेय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मापकाकांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. डोळे लकाकत होते. “मग वर्षाने यायचं?”

डॉक्टरीणबाई पुन्हा करड्या चित्रावर गेल्या, रेघा ओढून मोजायला लागल्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला.

“दाब नेहमी एवढा खाली असतो?”

“गोळी घेतो ना.”

“जुळत नाहीये,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग तिला पडदा दाखवत, “हा डावीकडचा वरचा कप्पा. मागे फिरलेलं रक्त इथे येतं. बराच ताणलाय. कप्पा असा आठ-पंधरा दिवसांत ताणत नाही, बऱ्याच काळाची गळती असावी लागते, आणि मोठी. आणि ही धार भिंतीला चिकटून जातेय. तशी धार असते त्यापेक्षा लहान दिसते.” त्यांनी मापकाकांना विचारलं, “काम करताना दम लागतो?”

“नाही.”

“वाकल्यावर?”

“नाही हो.”

“जिने?”

“चढतो की. रोज.”

डॉक्टरीणबाई पडद्याकडे वळल्या. “तुम्हाला त्रास नाही, गळती मध्यम. एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी बोलावणं होईल.”

“लिहा ना मग,” मापकाका म्हणाले.

लिहा, तिलाही वाटलं. लिहून टाका, सही करा, आम्ही जातो. तिने नजर खाली केली, आणि पलंगाखाली ते बूट दिसले. बिनलेसचे, शेजारी शेजारी, तोंड उघडे. वाकायला लागू नये म्हणून आणलेले. सहा महिने. सहा महिने हे फोन काढतील, कुंड्यांची चौकशी करतील, फळ्या खाली आणतील, आणि ती अख्खी गोळी घेऊन उशाशी उभी राहील.

“लिहू नका,” ती म्हणाली. आवाज इतका चिरका निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. “त्यांना दम लागतो.”

“अगं!”

“लागतो. जिन्यात थांबतात. तीन उशा लागत होत्या. या आठवड्यात आम्ही त्यांना उठूच दिलं नाही. अळणी जेवण आणि लघवीची गोळी रोज. अख्खी. मीच दिली. चांगलं दिसावं म्हणून.”

“तुला कुणी विचारलं होतं?” मापकाका गरजले. गरजायला उठले, तर छातीवरच्या वायरींनी ओढून धरलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. “डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी वाढवायची नाही पुन्हा,” एवढंच त्या म्हणाल्या. “पाणी कमी झालं, दाब उतरला, की झडपेवरचा जोर कमी होतो आणि गळतीही तेवढ्यापुरती आटते. बाई, तुम्ही मला यांचं रजेवरचं हृदय आणून दाखवलंत. मला कामावरचं बघायचंय. काम काय करता काका?”

“बूट घालतो,” मापकाका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “लोकांना.”

“सायकल मारायला लावून करतात ती तपासणी करूच नंतर. पण आत्ता थोडा अंदाज येऊ दे. मला घाला.” आणि त्या खरंच खुर्चीत बसल्या. “काहीही वाटलं तर लगेच थांबायचं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सांगायचं.”

वायरी सोडवून मापकाका उघड्या अंगाने उतरले. क्षणभर तसेच उभे राहिले, अपमान झाल्यासारखे. मग गुडघा टेकला, डॉक्टरीणबाईंची टाच तळहातावर घेतली, आणि चेहरा पालटला. हा त्यांचा मुलूख होता.

“सहा घालता तुम्ही.”

“हो.”

“पाय साडेसहाचा आहे. संध्याकाळी करंगळी ठणकते.”

“ठणकते!” डॉक्टरीणबाई चकित झाल्या.

“ठणकणारच. आणि लेस वरून दोन भोकं सोडून बांधता, ते...” वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी बूट उलटा करून तळ निरखला. आता तिला ठाऊक होतं, ते तळ बघत नव्हते.

“उठा. आता दुसरा पाय. मग यांचे.”

ते उठले, बसले, वाकले, उठले. तिच्या पायाशी आले तेव्हा तिच्या चपलेचा बंद त्यांच्या बोटांना सापडेना. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी किती गिऱ्हाइकांचे पाय हातात घेतले असतील, तिचा आज पहिल्यांदा. त्यांच्या डोक्यावर विरळ केसांतून घाम चमकत होता. ती त्यांचा श्वास ऐकत होती. तो श्वास कपडा फाटल्यासारखा येत होता आणि ते डोकं वर करत नव्हते.

“बस, पुरे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “झोपा. डाव्या कुशीवर, पटकन.”

पडद्यावर पुन्हा धुकं, पुन्हा पाकळ्या, पुन्हा बटण. आणि या खेपेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रंगांचा तो पट्टा झडपेतून उसळला, कप्प्याच्या भिंतीला धरून वर चढला, छताला जाऊन वळला आणि पलीकडच्या अंगाने खाली उतरायला लागला. दर ठोक्याला. बारीक असं त्यात काही उरलं नव्हतं.

मापकाकाही बघत होते. बघता बघता म्हणाले, “हे माझं आहे?”

“तुमचंच.”

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सावकाश सांगितलं. गळती मोठी असावी, सायकलवरच्या तपासणीत पक्कं कळेल. अन्ननलिकेत नळी घालून झडप मागच्या बाजूने, जवळून बघावी लागेल. मग सर्जन ठरवतील, पण पाकळी दुरुस्त होण्यासारखी वाटते, बहुधा बदलावी लागणार नाही. हृदयाचा स्नायू अजून थकलेला नाही, तो थकायच्या आत हे व्हायला हवं.

“नंतर गुडघ्यावर बसता येईल?” त्यांनी विचारलं.

“पुष्कळ जण कामावर परततात. तुमच्याबद्दल आज शब्द देत नाही.”

बाहेर अक्का ताडकन उठल्या. “काय झालं? पास ना?”

“नाही अक्का,” ती म्हणाली.

अक्का पुन्हा खाली बसल्या. पर्स मांडीवर घेतली, उघडली, आत काही न शोधता बंद केली. “मी एवढी तयारी घेतली होती,” त्या हळूच म्हणाल्या. आणि मापकाकांचा हात धरायला गेल्या, तर त्यांनी तो सोडवला नाही, पण कुणाकडे बघितलंही नाही.

गाडीत मापकाका खिडकीबाहेर बघत बसले. तिला वाटलं, आता हे जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि त्याहून वाईट, तो जन्म किती हे कुणालाच माहीत नाही. अक्का आपल्या घरी उतरल्या. ही दोघं जिना चढायला लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर मापकाका थांबले. तिने सवयीने त्यांच्या खिशाकडे बघितलं. हात खिशात गेला नाही. त्यांनी कठडा धरला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “दम लागलाय.”

ती थांबली. दोघं त्या कुंडीजवळ उभी राहिली. झाडाला बरीच नवी पानं आली होती.

नळीची तपासणी झाली, सायकलची झाली, सर्जनही भेटले. ऑपरेशनची तारीख मिळाली तसं तिचं जेवणावरून मनच उडालं. रात्री ती त्यांच्या श्वासावर कान ठेवून पडायची. मालकांचा निरोप आला, काका, काळजी करू नका, गल्ला आहेच. मापकाकांनी दुकानात मदतीला असलेल्या मुलीला फोनवर सांगितलं की खपाचे नंबर पुन्हा वर लाव, खाली गर्दी होते.

आदल्या दिवशी ती दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल, ब्रश, सदरे. मापकाका पलंगावर बसून, माळ्यावरून तिच्याकडून काढून घेतलेल्या जुन्या लेसच्या बुटांना पॉलिश लावत होते. मध्ये मध्ये थांबत, पुन्हा लावत.

“हेही ठेव.”

“अहो, तिथे पायात काही घालू देत नाहीत.”

“आत जाताना नाही देत,” ते ब्रश फिरवत म्हणाले.

तिने बूट घेतले. लेस तिला घट्ट वाटल्या म्हणून ती सैल करायला गेली.

“सोडू नकोस त्या,” ते म्हणाले. “मी बघेन.”

तिने बूट कागदात गुंडाळले, पिशवीत सगळ्यात खाली ठेवले, वर टॉवेल घातला. मग टॉवेल काढून पुन्हा एकदा बघितलं, दोन्ही आहेत ना.